उजव्या अंगठ्याचा निरोप

मित्रांनो, मी एक जुनी, निम्मी उरलेली चेतापेशी आहे. एका बूट शिवणाऱ्या बाबांच्या कमरेच्या मणक्याशेजारी माझे घर आहे. तिथून माझा केसाहून बारीक तंतू थेट त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जायचा. चांगली दोन हात लांब होते मी.

दुखल्याचा निरोप पोचवणे हे माझे काम. अंगठ्याला काही टोचले की माझ्या टोकाशी विजेची बारीकशी लहर उठे. क्षारांचे कण भराभर आत-बाहेर करत आणि ती लहर पुढे सरके. मणक्यापाशी आली की मी कणभर रसायन सोडून पुढच्या पेशीला जागे करी. मग निरोप मेंदूत जाई, पण त्याआधीच पाय झटक्यात वर उचललेला असे.

दुकानभर चुका सांडलेल्या असत. चुका म्हणजे बुटाच्या तळाला ठोकायचे बारीक खिळे. एखादी टोचली की बाबा कळवळत आणि त्या दुखण्याच्या नावाने बोटे मोडत. पण वेळीच कळल्यामुळे थोडक्यात निभावे.

मग बाबांच्या रक्तातली साखर वाढली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज तळवे बघायला सांगितले. त्यांची लेक रोज आठवण करून देई आणि बाबा ‘उद्यापासून’ म्हणत. इकडे मला पोसणाऱ्या रक्तवाहिन्या खराब होत गेल्या. माझे टोक सुकू लागले. आधी मी उगीचच जळजळीचे खोटे निरोप पाठवले. पुढे तेही थांबले.

“पाय दुखायचे थांबले बघ,” बाबा खुशीत लेकीला म्हणाले. माझ्या कामावर कुणी खूश झाले ते तेव्हाच, मी मुकी झाल्यावर.

एक दिवस एक चूक त्यांच्या बुटात पडली. बाबांनी तोच बूट घातला. ती अंगठ्यात रुतली आणि ते तीन दिवस तसेच वावरले. मला काहीच कळले नाही. तिसऱ्या दिवशी लेक फरशी पुसता पुसता थांबली.

“बाबा, हे रक्त कुणाचं?”

बाबांनी खाली पाहिले. “माझं नाही गं. मला कुठे काय लागलंय?”

जखम आतून चिघळली होती. औषधांनी ती आवरली नाही. महिन्याभराने गुडघ्याखालून पाय कापावा लागला आणि माझा तंतूही तिथेच तुटला.

आता माझे उरलेले टोक अधूनमधून आपोआप पेटते. काल दुपारी बाबा म्हणाले, “अंगठा ठणकतोय.” लेकीने वाद घातला नाही. जिथे काहीच नव्हते, त्या सपाट चादरीवर ती हात फिरवू लागली.

“इथे?”

“हं. तिथेच.”

तो निरोप माझाच होता, मित्रांनो. फार उशिरा गेला.

तुमच्या घरी कुणाला हा साखरेचा आजार असेल, तर रोज त्यांचे तळवे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बूट उलटा करून झटकल्याशिवाय त्यांना घालू देऊ नका. ‘दुखत नाही’ म्हणाले, तर जास्तच नीट बघा. आम्ही मुक्या झालो की त्या पायांसाठी बोलायला तुमच्याशिवाय कुणी उरत नाही.