चुना लावलेली खडी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. भट्टीतून लालबुंद बाहेर पडले आणि पुढे कितीतरी वर्षं एका स्वयंपाकघरात साखर सांभाळली. एके दिवशी घरातल्या ताईने साखर डब्यात ओतली आणि मला उचलून थेट कामावर नेलं! ती रस्त्यासाठी येणारी खडी आणि डांबर तपासायची. तिथलं काचेचं भांडं फुटलं होतं.

त्या दिवसांत दवाखान्याकडे जाणारा चढाचा रस्ता दर पावसात उखडायचा. ताईचा धाकटा भाऊ रुग्णवाहिका चालवायचा. "आज पुन्हा गाडी आदळली गं ताई, आतल्या आजी कळवळल्या," असं तो सांगायचा आणि तिचा घास तोंडातच फिरायचा.

चढावर वापरलेली गुळगुळीत खडी ताईने डांबरात घोळवली, माझ्यात टाकली आणि वर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर काय! डांबर सोलून निघालेलं, खडे उघडेबोडके!

"सापडला चोर!" ताई ओरडली.

मग तिने खाणीतली फोडलेली, खरखरीत खडी आणली. ती बरीच टिकली, पण कडांनी सोललीच. ताई हटली नाही. शंभर किलोला जेमतेम दोन किलो, या प्रमाणात तिने खडीला आधी चुन्याची भुकटी चोळली, मग डांबर.

रस्त्याच्या कामावरचे मुकादम खो खो हसले. "काय गं, आम्हालाच चुना लावतेस?"

"तुम्हाला नाही काका, खडीला!"

ती खडी पोटात, वर पाणी, ते चोवीस तास मला युगासारखे वाटले. सकाळी मुकादमांनी मला उजेडात धरलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं. सगळी खडी काळीकुळकुळीत! एक खडा उघडा असेल तर शपथ!

"अरे, साहेबांना बोलवा रे!" म्हणत ते मला पोटाशी धरून पळतच सुटले.

चढ त्याच मिश्रणाने झाला. पुढे नवी यंत्रं आली आणि मी कपाटावर धूळ खात पडले. दोन पावसाळे गेले. मग एका भर पावसात ताईचा भाऊ ओलाचिंब, धापा टाकत आत आला.

"ताई, आज एक आजोबा गाडीत चक्क झोपले! दवाखान्यात पोचल्यावर उठवावं लागलं!"

ताईला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. तिने मला खाली काढलं, पदराने लख्ख पुसलं.

मित्रांनो, रस्ता उखडला की सगळे पावसाला बोल लावतात. तुम्ही आधी खडीला विचारा. आणि घरातली जुनी बरणी फेकू नका, विचारायला तीच पुरते!