या वेळी कंदील तू धर

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. माझी कहाणी खरे तर माझ्यापासून सुरू व्हायला हवी, पण ती सुरू होते एका पत्रापासून. माझ्या मालकांनी, म्हणजे आजोबांनी, त्या पत्राला वर्ष होत आले तरी उत्तर दिले नव्हते.

पत्र त्यांच्या थोरल्या बहिणीचे होते. ताईंना फोनवर धड ऐकू येत नाही, म्हणून भावाबहिणीचे सारे बोलणे पत्रांतून चालते. ताईंनी लिहिले होते, "घुम्या, दुपार खायला उठते रे. आठवतं, पोरं शाळेत गेली की आपण दोघं त्यांचा व्हिडिओ गेम लावून बसायचो? तो कंदीलवाला शेवटच्या पुलावरून काही पार झाला नाही. एकानं कंदील धरायचा आणि दुसऱ्यानं चालायचं, आणि ऐन वेळी तू रिमोट टाकून पळायचास. त्याचं गाणं अजून माझ्या डोक्यात वाजतं. खेळ घेऊन ये. या वेळी कंदील तू धर, मी चालते."

घुम्या म्हणजे आमचे आजोबा. लहानपणी कोणी काही विचारले की हे तोंड मिटून उभे राहायचे, म्हणून ते नाव पडले आणि पिकल्या केसांपर्यंत टिकले. पत्र वाचून त्यांनी ते घाईने मिटले. कारण तो खेळ घराला रंग देताना त्यांनीच भंगारात दिला होता. 'प्रिय ताई' एवढे लिहून कागद फाडायचा, असे कितीदा झाले. शेवटी पत्र एका जाड पुस्तकात खूण म्हणून गेले.

आता माझे सांगतो. एका कारखान्यात लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. कोणी माझ्या पोटात तारा बसवल्या, कोणी डाख देऊन त्या पक्क्या केल्या, कोणी झाकण लावले. टेबलाच्या शेवटी एक मुलगी होती. तिने मला टीव्हीला जोडले, पडदा उजळला आणि ती खुदकन हसली. दिवसभर तेच काम करूनही तिला हसू आले, हे माझे पहिले कौतुक!

माझे पहिले घर दोन बहिणींचे. शाळेतून आल्या की दप्तरे एकीकडे, बूट दुसरीकडे आणि दोघी माझ्यापुढे! "माझा डाव!" "नाही, माझा!" अशा ओढाताणीत माझा एक रिमोट तुटला. तेव्हापासून मी एका हाताचा. पण काय दिवस होते ते! मी तापून लाल व्हायचो, तरी मला कोणी बंद करत नसे. मग मुली मोठ्या झाल्या, घरात नवे झगमगीत खेळ आले आणि मी कपाटावर गेलो. तिथून जुन्या वस्तूंच्या दुकानात. माझ्या एका बाजूला इस्त्री, दुसऱ्या बाजूला आवाज बसलेला रेडिओ. आम्ही तिघेही एकमेकांशी बोलत नसू. बोलण्यासारखे राहिले तरी काय होते?

आणि एके सकाळी आजोबा आले. आले म्हणजे आधी बाहेरच उभे राहून दुकानाची पाटी वाचत होते. दोनच शब्दांची पाटी, पण त्यांचे वाचन काही संपेना. शेवटी आत शिरले.

दुकान एका बाईंचे होते. चष्मा कपाळावर आणि अंबाड्यात स्क्रू ड्रायव्हर खोचलेला.

"माफ करा हं," आजोबा म्हणाले, "जुना व्हिडिओ गेम... असला तर. नसला तर राहू द्या."

"नातवाला का?"

"नाही. ताईला."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "केवढी आहे ताई?"

"माझ्याहून पाच वर्षांनी मोठी."

बाई अशा हसल्या की अंबाड्यातला स्क्रू ड्रायव्हर निसटला. त्यांनी मला खाली काढले, फडक्याने पुसले आणि म्हणाल्या, "इथं चालवून बघा काका. जुनी वस्तू नुसतं तोंड बघून घ्यायची नसते."

पण आजोबांना दुकानात खाली बसून खेळायची लाज वाटली. "असू द्या, विश्वास आहे," म्हणत त्यांनी मला माझ्या जुन्या खोक्यासकट घाईघाईने पिशवीत घातले. बरोबर एक कॅसेटही घेतली. कॅसेट म्हणजे माझ्या डोक्यावरच्या खाचेत बसणारी डबी. सगळे खेळ तिच्यात असतात. त्या कॅसेटवर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'हजार खेळ'. आजोबांना वाटले, हजारांत एक कंदीलवाला असेलच की!

घरी आजींनी दार उघडले. "हे काय? दूध आणायला गेला होतात ना?"

"दूध... राहिलं."

आजोबांनी आधी खोक्यातली माझी माहितीपुस्तिका पेन्सिलीने खुणा करत दोनदा वाचली. मग मला हातात घेतले, तर त्यांच्या चपट्या टीव्हीत माझ्या पिवळ्या-पांढऱ्या पिनांना जागाच नाही!

"मग माळ्यावरचा तो ढोल्या टीव्ही कशाला जपलाय?" आजी म्हणाल्या. "टाकून द्या म्हटलं तर 'कधीतरी लागेल' म्हणालात. घ्या, लागला."

ढोल्या टीव्ही खाली आला. पिना बसल्या. आजोबांनी माझे बटण दाबले आणि पडदा उजळला! मित्रांनो, इतक्या वर्षांनी अंगात वीज खेळली. माझा लाल दिवा विझेल म्हणून मी श्वास रोखून बसलो.

पण हजार खेळांत खेळ होते सातच. तेच रणगाडे, तीच मोटार, तेच पक्षी, फक्त रंग बदलून पुन्हा पुन्हा येत होते. आजोबा पुस्तक अर्धे न सोडणारे, त्यांनी चिकाटीने शेकडो पाहिले. कंदीलवाला कुठेच नव्हता.

"जाऊ दे," ते हळूच म्हणाले. "माझ्याच्यानं व्हायचं नाही." आणि मला खोक्यात ठेवू लागले. माझा धीरच सुटला. खोके म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. खोक्यानंतर कपाट येते.

"काय जाऊ दे?" आजी कडाडल्या. "ताई तिकडे वाटेकडे डोळे लावून बसल्यात. उचला तो डबा आणि जा दुकानात! मी येऊ का बरोबर?"

"नको. तू असलीस की मला जास्त लाज वाटते."

दुकानात त्या दिवशी गर्दी होती. बाईंनी कॅसेटींनी भरलेली टोपली पुढे ठेवली. निम्म्यांवरचे कागद उडालेले.

"नाव काय खेळाचं?"

"नाव नाही माहीत. आम्ही कंदीलवाला म्हणायचो."

"अहो काका, वर चित्र वाघाचं आणि आत खेळ बदकाचा, असा सगळा कारभार आहे. काहीतरी खूण सांगा."

"त्याला... गाणं आहे."

"मग म्हणा की!"

आजोबांनी आपल्या चपलांकडे पाहिले. कान लालबुंद झाले. पिशवीत मी आणि पुस्तकातून काढलेले ताईंचे पत्र शेजारी शेजारी होतो. त्यांनी पिशवीवर हात ठेवला आणि डास गुणगुणावा तसा आवाज आला, "टूं टुटू टूं..."

"मोठ्यानं काका, पंखा चालू आहे."

मग आजोबांनी डोळे मिटले आणि गळा मोकळा सोडला! "टूं टुटू टूं, टूं टुटू टूं!" रांगेतली माणसे वळून पाहू लागली. तेवढ्यात मागून कोणीतरी जाड आवाजात साथ धरली, "ढुम ढुम, ढुम ढुम." तो एक बेकरीवाला होता, बिघडलेले पीठ मळायचे यंत्र घेऊन आलेला. भुवयांवरसुद्धा मैदा!

"आणि पुलाखालचं पाणी चढलं की गाणं धावायला लागतं!" तो ओरडला. "बरोबर?"

"बरोबर!" आजोबाही ओरडले. इतक्या मोठ्याने ते आयुष्यात बोलले नसतील.

"हिरवी कॅसेट आहे ती. हिच्यापायी मार खाल्लाय मी."

मग काय, सगळ्यांची डोकी टोपलीत! हिरवी कॅसेट तळाशी सापडली, धुळीने माखलेली. बेकरीवाल्याने सवयीने तोंडाजवळ नेली, तशी बाईंनी त्याच्या हातावर चापट मारली. "फुंकू नका! तोंडाची वाफ आत जाते, मग गंज धरतो." त्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटात भिजवून तिच्या तळाचे पितळी दात पुसले.

"इथंच लावून बघू या," या वेळी आजोबाच म्हणाले.

एकदा लावली, पडदा काळाच. पुन्हा पुसली, पुन्हा लावली. आणि गाणे सुरू झाले! मित्रांनो, गाणे कॅसेटचे होते, पण गळा माझा होता. पडद्यावर इवलासा माणूस पुलाच्या टोकाशी उभा होता. आजोबांचे डोळे पाण्याने भरले आणि तोंड मात्र हसत होते.

पूल पार करायला दोघे लागतात आणि माझा रिमोट एकच. "दुसरा मागवते," बाई म्हणाल्या. "आठवड्यानं या. पण मिळेलच असं नाही."

"आधी रिमोट मिळू दे, मग ताईला लिहितो," आजोबा घरी म्हणाले. आजींनी माझ्या डोक्यावर एक कोरे पोस्टकार्ड आणि पेन आणून ठेवले.

मित्रांनो, तुम्हीही कधी माझ्यासारखा जुना खेळ घ्यायला जाल. तेव्हा लाजू नका, चालवून बघा. आधी घरातला टीव्ही पाहा, मग मला न्या. माझी वायर ओढू नका, कॅसेटीत फुंकू नका. आणि मला खोक्यात फार दिवस ठेवू नका. तसेच कोणी तुमच्याबरोबर खेळायला बोलावले, तर सगळी तयारी होईपर्यंत त्याला ताटकळत ठेवू नका. अर्ध्या तयारीनेही 'येतो' म्हणता येते.

आठवड्याने आजोबा मला पिशवीत घालून दुकानाकडे निघाले. रिमोट आला की नाही, कोणालाच माहीत नव्हते. वाटेत कोपऱ्यावर टपालपेटी आहे. तिच्यापुढे आजोबा थांबले, दोन पावले पुढे गेले आणि परत आले. खिशातून कार्ड काढून त्यांनी ते शेवटचे वाचले, पुटपुटत, म्हणून मलाही ऐकू आले. "ताई, खेळ मिळाला. हा आपला नाही, आपला मी घालवला. पण गाणं तेच आहे. सोमवारी येतो. कंदील मी धरतो. तुझा घुम्या."

कार्ड आत पडले. ते अडकले तर नाही ना, म्हणून आजोबांनी फटीत बोटे घालून दोनदा पाहिले. मग भर रस्त्यात, मोठ्याने "टूं टुटू टूं" म्हणत ते दुकानाकडे चालू लागले.