फरशीवर मेंढरं बसत नाहीत

ही गोष्ट दोन हजार चार सालच्या ज्येष्ठातली. त्या वर्षी शिरूरच्या धर्मादाय दवाखान्याच्या अंगणात सिमेंटच्या ठोकळ्यांची फरशी बसली, आणि त्याच वर्षी गेणबा धनगराच्या पायाचं बोट काळं पडलं.

गेणबाची लेक नकुशी कॉटखाली घोंगडी टाकून बापापाशी राहिली होती. पुण्याचे सर्जन दर गुरुवारी येत. पाय घोट्यातून काढावा लागेल, नाहीतर विष वर चढेल, असं त्यांनी समजावून सांगितलं होतं. गेणबानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आधी माझी मेंढरं अंगणात बसू द्या. मग पाय घ्या, न्हाईतर मुंडकं घ्या."

"आबा, मेंढरांचा आन् पायाचा काय संबंध?" नकुशी रडकुंडीला आली.

"फुकटात पाय कापून घ्यायला मी भिकारी हाय व्हय गं?"

नकुशीला सगळं आठवत होतं. हा दवाखाना म्हणजे तिच्या लहानपणी नुसती पत्र्याची शेड होती. एका व्यापाऱ्यानं नवस फेडायला ती बांधून दिली आणि प्रतिभाबाई नावाच्या तरुण डॉक्टरीण एक ट्रंक घेऊन तिथं राहायला आल्या. भोवती सगळा मुरूम, गवताची काडी उगवायची नाही. गावानं जमेल ते दिलं. कुणी ज्वारी दिली, कुणी खाटा दिल्या. धनगरांकडं द्यायला मेंढरांशिवाय काय होतं? शेतकरी ज्यासाठी धान्य मोजतात ते त्यांनी दवाखान्याला काही न घेता दिलं. कोकणातून परतताना दर ज्येष्ठात कळप अंगणात बसवायचा आणि लेंडीखत जमिनीला द्यायचं. बघता बघता मुरमाची काळी माती झाली. लिंब वाढला. मेथी, वांगी आली आणि आजाऱ्यांच्या ताटात ताजी भाजी पडू लागली.

अशाच एका पहाटे लहानगी नकुशी अंगणात मेंढरांच्या उबेत जागी झाली होती. कुठूनतरी रडू येत होतं. कोकरू रडतंय की शेडमधलं नवं बाळ, ते तिला कळेना. धुकं, लोकरीचा वास आणि ते रडू. मोठेपणी तिला कधीकधी वाटे, ते आपण स्वप्नातच ऐकलं असेल.

आता दवाखान्याचा कारभार चांगदेव बघत होता. कारेगावचा, आणि जन्म याच दवाखान्यातला.

"आबा, आता आधीचं न्हाई राहिलं," तो समजुतीनं म्हणाला. "जखमांचे पेशंट असतात. रोगराई व्हईल."

"तू झालास तवा अंगणात मेंढरंच बसली हुती. तुला कुठला रोग झाला? म्यानेजरच झालास न्हवं!"

आख्खा वॉर्ड हसला. चांगदेवही हसला, पण मान हलवून निघून गेला.

नकुशीच्या पाठचा भाऊ बन्सी कळप घेऊन भांडगावापर्यंत आला होता. तिथल्या फोनवरून त्यानं कळवलं, "आक्का, बुधवारी पोचतो." ती तशीच चांगदेवाकडं गेली. "दादा, हा गुरुवार चुकला तर म्हाताऱ्याचा पाय न्हाई, म्हाताराच जाईल. तुमच्या पाया पडते."

बुधवारी दुपारी फाटकापाशी धूळ उठली. चांगदेवानं स्वतः कुलूप काढलं. "एकच रात. सकाळी माझं अंगण मला लख्ख पायजे."

मेंढरं आत आली. नकुशीनं बापाला चाकाच्या खुर्चीतून व्हरांड्यात आणलं. खिडक्याखिडक्यांत आजारी माणसं उभी राहिली. पण ज्येष्ठातली तापलेली फरशी ती! मेंढरं एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली. ऊन कललं, फरशी निवली, तरी एकही मेंढरू बसेना.

"हाणून बसव की!" चांगदेव म्हणाला.

"साहेब, मेंढरू हाणून बसतं व्हय?" बन्सी म्हणाला.

गेणबा बराच वेळ बघत राहिला. "आन् बसून तरी काय? सिमेटाला खत घालून काय उगवायचं?" त्यानं तोंड फिरवलं. "चल नकुशे, घरला. मुक्या जिवांनीच न्हाई म्हटलं."

नकुशीचे हात खुर्चीच्या मुठींवरच राहिले. ढकलली तर फाटक, फाटकापुढं रस्ता, आणि रस्त्यापुढं काय, ते तिला ठाऊक होतं. ती हलली नाही.

चांगदेव लिंबाखाली उभा होता. महिन्यामागंच त्यानं त्या फरशीवर नारळ फोडला होता. तो माळ्याच्या खोलीत गेला, पहार घेऊन आला आणि बुंध्यापाशी एका ठोकळ्याच्या फटीत घातली. पहिला निघाला तसे बाकीचे हातांनी निघू लागले. बन्सी लागला, आजाऱ्यांचे नातेवाईक लागले, हाताला पट्टी बांधलेला एक कामगारही एका हातानं लागला. खालची वाळू सारली तर माती अजून काळीच होती.

गेणबानं मूठभर मागितली, हुंगली आणि तशीच धरून ठेवली.

दिवेलागणीला पहिली मेंढी गुडघे मोडून बसली. मग दुसरी. मग पांढरी-काळी पाठ पाठीला लागत सगळं अंगण हळूहळू खाली आलं, जसा ढग माळावर उतरतो. आतून कुठलंसं बाळ रडलं, का कोकरू, कुणास ठाऊक.

"नकुशे," गेणबा म्हणाला, "त्या पुण्याच्या डॉक्टरला म्हणावं, ये."

गेणबा पुढं कुबडीवर पुष्कळ वर्षं हिंडला आणि आपल्या वाड्यावर, मेंढरांतच वारला. फरशी उपसली त्या वर्षी प्रतिभाबाई पुण्याला भाचीकडं होत्या. फोनवर त्या रात्रीची हकिगत ऐकून त्या इतक्या हसल्या की भाचीला पाणी आणावं लागलं. त्या दोन वर्षांनी गेल्या. बन्सीनं कळप विकला. चराईची माळरानं कारखान्यांनी घेतली, आता तो रांजणगावला कंपनीच्या फाटकावर बसतो. चांगदेव रिटायर होऊन कारेगावला असतो. त्यानं ती फरशी पुन्हा बसवू दिली नाही. उपसलेले ठोकळे भिंतीशी रचलेत, त्यांवर बसून नातेवाईक डबा खातात.

नकुशी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात लागली. लिंबाखालची मेथी तीच खुडते. ज्येष्ठ लागला की फाटक जरा जास्तच वेळ उघडं ठेवते, आणि कुणी विचारलं तर म्हणते, वारा येऊ दे.