गोठणीवरचं गवत

सुधीर मास्तरची एक खोड ठकुबाईला पहिल्या दिवसापासून डाचत होती. माणूस पुढ्यात बसून सगळं ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा, "हो हो, ठकूमावशी, बरोबर आहे तुमचं" म्हणायचा, आणि वहीत मात्र एक अक्षर उतरवायचा नाही. गवताची उंची लिहायचा, पावसाचं माप लिहायचा, आभाळात ढग आला तर ढगसुद्धा लिहायचा. ठकुबाई बोलायला लागली की पेन खिशात जायचं.

"ढगाला तोंड न्हाय तरी त्याचं लिवतोस," ती एकदा म्हणाली, "आन मला एवढं तोंड हाय तर माझं न्हाय लिवत?"

तो हसला आणि परत मान डोलवली.

त्याला अरेतुरे करायचा हक्क ठकुबाईचा होता. चिंचेच्या पाड्यावरून गवताचा भारा डोक्यावर आणि दुधाची कासंडी हातात घेऊन ती भिवंडीत उतरायची, तेव्हा मास्तर पाळण्यात होता. त्याच्या आईच्या, माईच्या अंगावर दूध नव्हतं. ठकुबाईच्या गाईच्या दुधावर पोर बाळसं धरून उठलं. पुढे शिकलं, कॉलेजात शिकवायला लागलं, डोक्याला टक्कल पडायला आलं, तरी ठकुबाईच्या लेखी ते पोरच.

ब्याण्णव साली पावसाळ्याआधी तो पाड्यावर आला तो टेम्पो भरून सामान घेऊन. जाड प्लास्टिकची पुरुषभर उंच गोल कुंपणं, वर आभाळाला उघडी. त्यांना तो कडी म्हणायचा. बरोबर सोडावॉटरच्या कारखान्यातले गॅसचे सिलिंडर. सहा कडी उभी करायची, तीन कड्यांत गॅस सोडायचा, तिनांत नुसती हवा.

"हा गॅस कशापायी?" ठकुबाईनं विचारलं.

"कार्बन डायऑक्साइड, मावशी. गिरण्या, ट्रक, विजेचे कारखाने, सगळ्यांच्या धुरातून हा वायू हवेत साठतोय. अजून पन्नास-साठ वर्षांनी जेवढा होईल, तेवढा मी आत्ताच कड्यात सोडतो. तेव्हाचं गवत कसं असेल, ते आज दिसेल."

"म्हंजे मी मेल्यावरचं गवत मला दावतोस?"

"तसंच म्हणा."

तिला ते आवडलं, पण तोंडावर दाखवलं नाही. तिची धाकली सून कामावर लागली. सकाळी गॅसची चावी उघडायची, दिवस बुडला की बंद करायची. अख्खा पाडा त्या गॅसला सोड्याची हवा म्हणायला लागला.

फक्त जागा बघून ठकुबाईच्या कपाळाला आठी पडली. गावच्या साठ एकर गुरचरणीत मास्तरनं नेमका रस्त्यालगतचा सपाट तुकडा धरला होता.

"ही जुनी गोठण हाय रं," ती म्हणाली. "हितं मोठा आंबा होता. माझ्या आजेसासूच्या वक्तापासून गुरं दुपारची हितंच बसायची, रवंथ करायची, शेण टाकायची. आंबा पडला आन गुरं जांभळीखाली बसायला लागली, त्याला दहा वरसं झाली. ह्या मातीच्या पोटात किती शेण हाय ते तुला वरून दिसायचं न्हाय. माळाचं गवत बघायचं तर वरती खडकाळ बरडावर जा. सगळा माळ तसा हाय, हितल्यासारखा न्हाय."

"हो हो, बरोबर आहे," मास्तर म्हणाला. "पण बरडावर टेम्पो चढत नाही ना, मावशी."

पेन खिशातच होतं.

त्या पावसाळ्यात सोड्याच्या हवेतलं गवत मारक्या बैलासारखं उसळलं. बाहेर गुडघ्याला, तर आत मांडीला. पाऊस सरला, बाहेरचं पिवळं पडलं, तरी आतलं पंधरा दिवस हिरवं. ठकुबाईनं हात घालून बघितला तर आतल्या मातीत ओलही जास्त. मास्तर नाचायचा तेवढा बाकी राहिला. "या हवेत गवत पाणी कमी पितं मावशी, म्हणून ओल टिकते!" त्यानं कापलं, वाळवलं, तोललं. वजन पावपट जास्त भरलं. त्यावर त्यानं इंग्रजीत कागद लिहिला, कुठंशी छापून आला, कॉलेजात त्याला हार घातला.

तोललेलं गवत ठकुबाईच्या मोरी गाईला मिळायचं. मोरीनं साध्या कड्यातलं गवत बुडख्यापर्यंत संपवलं. सोड्याच्या हवेतल्याची पानं पानं खुडली आणि काड्या गव्हाणीत तशाच ठेवल्या.

"हिला इचार," ठकुबाई म्हणाली. "तुझं गवत उंच हाय, पन नुसतं लांबलंय. अंगात काय न्हाय त्याच्या."

मान डोलली.

दुसऱ्या वर्षी तिनं हट्टच धरला. "एक कडं बरडावर लाव. न्हायतर धाकली तुझी चावी उघडणार न्हाय." टेम्पो चढत नव्हता, तर पाड्यातल्या बायांनी कडं आणि सिलिंडर खांद्यावरून वर नेले. सगळ्यांच्या पुढे ठकुबाई, शिव्या घालत.

पावसाळा संपला आणि बरडावरचं गवत कापायचा दिवस आला. विळा मास्तरच्या बोटाला लागला. त्याचं बोट बांधेपर्यंत वही ठकुबाईनं धरली. गवत कापून तिचे हात हिरव्या रसानं भरले होते, अंगठ्याचा ठसा पानावर उठला. मास्तरनं त्याच पानावर आकडे लिहिले. बरडावर आतलं नि बाहेरचं सारखंच होतं. सोड्याची हवा तिथं फुकट गेली होती.

"मातीत खायाला न्हाय तर नुसती हवा पिऊन कोन वाढंल?" ठकुबाई म्हणाली.

तिसऱ्या वर्षी गोठणीवरचीही मिजास उतरली. सोड्याच्या हवेतलं गवत बाहेरच्या बरोबरीला आलं, वर त्यात टाकळा आणि रानमोडी शिरली, ज्यांना गुरं तोंड लावत नाहीत. माती मुठीत घेतली की पहिल्यासारखी काळी, चिकट लागत नव्हती. दोन वर्षांत गवतानं तिच्या पोटातलं ओरबाडून घेतलं होतं. मास्तरनं तेही वहीत लिहिलं, आणि कडी सोडून टेम्पोत भरून नेली.

इथवर सगळं घरातल्या भांडणासारखं होतं. पंचाण्णवच्या थंडीत सरपंच दामूनं सभेची दवंडी पिटली आणि भांडण घराबाहेर आलं. भिवंडीजवळच्या पूर्णा गावात मोठमोठी गोदामं उठायला लागली होती. आता एका मालकाला पाड्याची गुरचरण हवी होती. सगळी नाही, फक्त सपाट, रस्त्यालगतची. गुरांना बरड ठेवायचं. आणि बरडावर गुरं जगतील कशी, याचा पुरावा म्हणून दामूच्या हातात मास्तरचा कागद होता.

शाळेच्या पडवीत सभा भरली. तालुक्याचे साहेब खुर्चीत, बाजूला मास्तर, तोही साहेबांनी मुद्दाम बोलावलेला. दामूनं कागद वर धरला.

"आपल्याच माळावर परयोग झाला हाय, मंडळी. हवेतला गॅस वाढतो हाय, त्यानं गवत पावपट वाढणार. आता बरडावर कमी पडलं तरी पुढं हवाच भरून काढंल. मास्तर, खरं का न्हाय?"

मास्तरनं घसा खाकरला. "कागदात... तसं आलंय खरं."

ठकुबाई उठली. पदराची गाठ सोडून तिनं मातीची दोन ढेकळं साहेबांच्या टेबलावर, थेट कागदावर ठेवली. एक काळं, एक तांबूस, खड्यांनी भरलेलं.

"सायब, ही गोठणीची, ही बरडाची. फोडून बघा."

"आजीबाई, टेबल खराब होतंय," दामू म्हणाला.

"तुझ्या गोदामानं माळ खराब होतोय, ते न्हाय दिसत? गप बस." ती मास्तरकडे वळली. "सुधीर, गोठण म्हंजे काय ते सांग सायबाला."

"जिथं गुरं दुपारी बसतात ती जागा. तिथली माती शेणामुताने कसदार असते."

"तुझी कडी कुठं होती?"

"गोठणीवर."

"सगळी?"

पडवीतल्या बाया हसायला लागल्या. त्यांचे खांदे अजून ते कडं विसरले नव्हते.

"एक बरडावर होतं," मास्तर शेवटी म्हणाला. "पण ते कागदात घेतलं नाही. एकाच कड्याचा आकडा शास्त्रात धरत नाहीत, मावशी. निदान तीन लागतात."

"अस्सं! माईला तू एकलाच. मंग तुला बी धरायचं न्हाय का?"

साहेबसुद्धा हसले. मास्तरचे कान लाल झाले.

"धरत न्हायत तर दोन आणखी लावायची होतीस," ठकुबाई म्हणाली. "आमी नेली असती वाहून. तुला लावायची नव्हती. वही हाय पिशवीत?"

वही होती. लाल पुठ्ठ्याची.

"काढ."

ठकुबाईला वाचता येत नव्हतं. तिनं वही हातात घेतली आणि पान पान उलटत गेली, सावकाश. मध्येच ती थांबली. पानाच्या कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा होता, हिरव्याचा आता तपकिरी झालेला.

"रेशनच्या दुकानात माझा अंगठा चालतो," ती म्हणाली. "हितं बी चालंल. वाच."

मास्तरनं वही घेतली. क्षणभर त्यानं दामूकडे पाहिलं, मग साहेबांकडे. मग उभा राहिला आणि वर्गात वाचतात तसं मोठ्यानं वाचलं. "बरड. कड्याच्या आत, वायूसह, चारशे दहा ग्रॅम. बाहेर, चारशे चार ग्रॅम. फरक धरण्याजोगा नाही." तो थांबला. मग कुणी न सांगता पुढचं पान उलटलं. "गोठण, तिसरं वर्ष. आत आणि बाहेर सारखंच." त्यानं वही मिटली. "साहेब, माझ्या कागदावरून बरडाबद्दल काहीही ठरवता येणार नाही. वाढ दिसली ती गोठणीच्या मातीमुळे, आणि तीही टिकली नाही. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं."

दामू बरंच ओरडला. साहेबांनी ढेकळं बाजूला केली, कागद झटकून दामूला परत दिला, आणि हा पुरावा धरता येणार नाही, असं टिपणात लिहून घेतलं. ठराव पुढच्या सभेवर गेला. गोदामवाला उद्या दुसरा कागद घेऊन येईल, हे ठकुबाईला ठाऊक होतं. येऊ दे. पडवीत पुन्हा बसायला तिला कुणाची परवानगी नको होती.

सभा उठली तसा मास्तर तिच्यापाशी आला. "चुकलं माझं, ठकूमावशी," तो म्हणाला आणि मान डोलवायला लागला.

"ती मान आधी थांबव," ठकुबाई म्हणाली, आणि चपला घालणारी माणसं जागच्या जागी उभी राहिली. "तुझी सोड्याची हवा खोटी न्हाय. वाढलेलं गवत बी खोटं न्हाय, माझ्या मोरीनं खाल्लंय. पन ज्या मातीनं ते वाढवलं तिचं नाव तू लिवलं न्हाईस, आन जिथं वाढलं न्हाय ती जागा झाकून ठेवलीस, हार गळ्यात पडावा म्हनून. माझ्या गाईच्या दुधावर वाढलास आन तिलाच बरडावर धाडायला निघालास. आज उभा राहून वाचलंस, ते मी बघितलं. पन तेवढ्यानं सुटका न्हाय. आता नवा कागद लिव. त्यात गोठण लिव, बरड लिव, टाकळा लिव, आन हे तुला ठकुबाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ते बी लिव. तो घेऊन ये, सगळ्यांम्होरं वाचून दाखव. तवर माझ्या माळावर पाय ठेवायचा न्हाय. आन पेन काढ खिशातून. मी बोलते हाय."