माझ्या मर्जीनं

माझ्या नवऱ्याच्या, ऑर्विलच्या धाकट्या भावानं आमच्या कोठारात एक ट्रंक ठेवली होती. तिच्यात नशेच्या पुड्या निघाल्या. भाऊ पकडला गेला, तेव्हा आमची नावं देऊन त्यानं स्वतःची शिक्षा कमी करून घेतली. सख्खा भाऊ बरं का.

तेव्हापासून आमचं आयुष्य मिस्टर व्हिटलो या फेडरल सरकारी वकिलाच्या हातात होतं. पोरगेलासा, अतिशय नम्र माणूस. शिक्षा न्यायाधीश देतात, असं आम्हा केंटकीच्या डोंगरातल्या लोकांना वाटायचं. पण आरोप कोणते लावायचे ते व्हिटलो ठरवणार, आणि त्या आरोपांना कमीत कमी किती वर्षं ते कायद्यानं आधीच ठरवलेलं. मालाची दहा. दाराशी टांगलेल्या, खारी मारायच्या बंदुकीची, मालाजवळ सापडली म्हणून, वर पाच. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

व्हिटलोनं एकच सौदा पुढं केला. ऑर्विलनं गुन्हा कबूल केला तर बंदुकीचा आरोप सोडू आणि माझ्यावरचा खटलाही मागं घेऊ. लढून हरलात तर दोघंही पंधरा वर्षं आत.

मी म्हटलं, लढू. ट्रंक आपण उघडलीसुद्धा नाही. ऑर्विल चुलीपाशी बीन्स ढवळत राहिला.

"आणि हरलो तर? बाहेर येईपर्यंत तू साठीची होशील, ओपल."

"आणि तुझ्यावाचून मी काय सोळा वर्षांची राहणार आहे, येड्या?"

तो हसला. त्याचं ठरलंय, हे मला तेव्हाच कळलं.

कोर्टात न्यायाधीशबाईंनी त्याला खूप काही विचारलं. मला सोडणं हा सौद्याचाच भाग आहे, हे त्यांच्या समोरच्या कागदात होतं. तरी त्यांना विचारावंच लागतं.

"कुणी धमकी दिली? जबरदस्ती केली?"

"नाही, बाई."

"स्वतःच्या मर्जीनं कबूल करताय?"

"हो. माझ्या मर्जीनं."

लग्नात पाद्रीबुवांनी विचारलं होतं, तेव्हाही गडी इतका ठाम बोलला नव्हता.

मला कुणी काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की मला हा माणूस हवाय. बीन्स करपवणारा, घोरणारा, रोज हवाय.

त्याला तिथूनच आत नेलं. त्याचा पट्टा आणि घड्याळ आमच्या वकिलानं माझ्या हातात दिलं. पट्टा अजून कोमट होता. बाजूचं दार लागलं.

व्हिटलो जवळ आला. "तुमच्यावर आता काही नाही, बाई. खुशाल घरी जा."

"घरी कोण आहे?" मी विचारलं.