सयाजीबुवांच्या चिलमीची काळजी

मित्रांनो, मी एक जुनी मातीची चिलीम आहे. जुन्नरच्या कुंभाराने मला आव्यात भाजलं आणि बाजारातून सयाजीबुवांनी उचललं. बुवा आंबेगावचे कीर्तनकार. ते गाऊ लागले की माणसं घरची कामं विसरत. वीस वर्षं मी त्यांच्या ओठी होते. त्यांच्या एका दमात माझा निखारा लालबुंद होई, आणि मला त्याचा फार अभिमान वाटे.

पुढे त्याच निखाऱ्याला चार दम लागू लागले. सकाळी खोकल्याची उबळ थांबेना. एकदा थुंकीत तांबडं दिसलं. बुवांनी माझ्यातली राख त्यावर झटकली. पाहिलं ते फक्त मी. मला वाचा कुठली?

कीर्तनात त्यांचा श्वास चरणाच्या मध्येच तुटे. पण मागे टाळकरी उभे असत, त्यांत बुवांचे बालमित्र गेणभाऊ पुढे. ते लगेच पालुपद उचलत. लोक म्हणत, "साथ असावी तर अशी." बुवांचा दम तुटला हे कुणाला कळतच नसे.

त्यांच्या कारभारणीला, साळुबाईला, मात्र कळलं.

"अवं, जुन्नरला सरकारी दवाखान्यात चला."

"तंबाखू कडक निघाली, येवढंच. आन् दवाखान्यात गेलं की धडधाकट मानूसबी आजारी ठरतंय."

मग एकदा बुवा मला ओसरीवर ठेवून आत गेले, तेव्हा ती तिथे बसलेल्या गेणभाऊंकडे गेली. "भावजी, काल्याच्या कीर्तनाला पालुपद उचलू नका."

"वयनी, देवाच्या दारात त्याला उघडं पाडू?"

"तुमी झाकताय तवर त्ये दवाखान्याची पायरी चढायचे न्हाईत."

काल्याच्या दिवशी मी बुवांच्या कनवटीला होते. दुसऱ्याच चरणाला श्वास तुटला. टाळ वाजले नाहीत. भरल्या देवळात बुवांच्या छातीतली घरघर तेवढी ऐकू येत होती. त्यांनी मागे पाहिलं. गेणभाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आज न्हाई उचलनार, सयाजी. आदी जुन्नर. गाडी जुंपून ठेवलीया."

डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "उशीर केलात," ते म्हणाले, "पण आलात हे बरं. आधी चिलीम सुटली पाहिजे." औषध सुरू झालं. चरण अजून पुरा होत नाही, पण उबळ उतरली आहे.

मी आता कोनाड्यात उपडी असते. बुवा जवळ आले की माझा जीव टांगणीला लागतो. काल त्यांनी हात पुढे केला, माझ्यावर ठेवला, जरा थांबले, आणि शेजारची औषधाची बाटली घेऊन गेले.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी वर्षानुवर्षं ओढत असेल, खोकत असेल, चार पावलांत धापा टाकत असेल, तर मायेपोटी त्याचं पालुपद उचलू नका. हाताला धरून त्याला दवाखान्यात न्या. मी चिलीम असून सांगते आहे.