सात गिरक्यांपुरत्या पापण्या

शेदलियाने एक चपटी डबी मुलीच्या कॉफीच्या कपाशेजारी ठेवली आणि झाकण उघडलं. आत काळ्याभोर, लांबसडक नकली पापण्यांची एक जोडी होती.

"एका संध्याकाळचा प्रश्न आहे," ती म्हणाली. "लग्नातला जलवा झाला की काढून समुद्रात फेक."

"नाही," ओल्फा म्हणाली.

"अगं, मी अजून पुरतं बोललेसुद्धा नाही!"

"पुरतं बोललीस तरी नाहीच, उम्मी."

हे 'नाही' उगाच आलेलं नव्हतं. महदियाच्या मासळी बंदरातल्या कचेरीत काम करणारी ही मुलगी दोन वर्षं दर तीन आठवड्यांनी पार्लरमध्ये जाऊन पापण्यांवर एकेक केस चिकटवून घ्यायची. साखरपुड्याच्या फोटोत तिचे डोळे असे काही दिसले की नवऱ्याकडच्या बायकांनी तो फोटो मोठा करकरून पाहिला. मग एका उन्हाळ्यात पापण्या सुजल्या आणि गोंदाबरोबर तिचे स्वतःचे केसही झुपक्याझुपक्याने निघून आले. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, वर्षभर तिथे काही चिकटवायचं नाही, मुळं पुन्हा ओढली गेली तर केस कायमचे जातील. एरंडेल लावू का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, त्याने वाढतील असं मी सांगू शकत नाही, लावायचं तर डोळ्यांत जाऊ देऊ नका. ओल्फा रोज निजताना लावत होती. तीन महिन्यांत पापण्यांच्या कडेला नुकत्या रुजलेल्या मेथीएवढं काहीतरी दिसू लागलं होतं. आखूड, वाकडंतिकडं, पण तिचं स्वतःचं. सकाळी आरशात ते पाहिलं की तिला मनापासून आनंद व्हायचा.

अडचण जलव्याची होती. सोन्याच्या जरीने जड झालेली नवरी चौथऱ्यावर उभी राहते, तळवे खांद्यापाशी धरते आणि डोळे मिटून सावकाश सात गिरक्या घेते. समोरच्या दोनशे बायकांना तेवढा वेळ तिचा चेहराच बघायचा असतो, आणि त्या तो चांगला निरखून बघतात.

"तुझ्या सासूच्या बहिणी सफाक्सहून येणार," शेदलिया म्हणाली. "म्हणतील, पोरीला काहीतरी रोग आहे आणि आम्ही तो लपवला."

"म्हणूनच लपवत नाहीये."

"जीभ मात्र भराभर वाढलीय तुझी. तिला कुठलं तेल लावतेस?"

नवऱ्या मुलाला, निझारला, ओल्फाने फोनवर सगळं सांगून टाकलं होतं. तो म्हणाला, "मला तर आधीही फरक कळला नव्हता." पुरुषांची मदत होते ती ही अशी.

तिची सगळी भिस्त मन्नूबियामावशीवर होती. गावातल्या नवऱ्या सजवण्यात या बाईची पन्नास वर्षं गेलेली. शेदलियालासुद्धा तिनेच सजवलं होतं, तेव्हा नुसत्या सुरम्यावर काम भागायचं. ही नक्की आपली बाजू घेणार, असं ओल्फा धरून चालली होती.

लग्नाच्या दिवशी मन्नूबियामावशीने तिच्यावर एकावर एक कपडे चढवले आणि छातीवर सोनं टाचलं. नवरीला हात हलवायलाही दोघींचा आधार लागेल, अशी बांधाबांध झाली. मग तिने अंगठ्याने ओल्फाची पापणी चाचपली आणि पिशवीतून चिमटा आणि गोंद काढला.

"मावशी, तू पण?"

"मी पण काय? पोट आहे मला. तुझ्या उम्मीने डबी दिलीय. मीट डोळे."

"डॉक्टरीणबाई वर्षभर नको म्हणाल्यात."

"त्या येणार आहेत का जलव्याला? मीट म्हणते ना!"

हात बांधल्यासारखे झालेले, मान वळवावी तर शिरपेच घसरायचा. ओल्फाच्या ताब्यात आता फक्त पापण्या उरल्या होत्या. तिने डोळे टक्क उघडे ठेवले. पाणी वाहायला लागलं तरी पटकन पापणी लववायची आणि पुन्हा मावशीकडे बघायचं. तेवढ्यात गोंद लावणार कसा? मावशीने दटावलं, गोंजारलं, एक चिमटाही काढला. ओल्फा काही बधली नाही.

"इतक्या वर्षांत कुणा नवरीने माझ्यावर असे डोळे वटारले नाहीत," म्हातारी शेवटी म्हणाली आणि डबी पिशवीत टाकली. "जा, काप आमचं नाक."

बाहेर डफ सुरू झाले होते. शेदलिया धावत आत आली, मुलीच्या पापण्या पाहून मटकन खाली बसली आणि लगेच उठली.

"ऐक, पोरी. मग चौथऱ्यावरही डोळे उघडेच ठेव. निर्लज्ज म्हणू देत, चालेल. नजर समोर ठेव, म्हणजे पापण्या दिसायच्या नाहीत."

सोपा मार्ग होता तो. चौथऱ्याच्या पायऱ्या चढेपर्यंत ओल्फाच्या मनात तोच घोळत होता. पण मग रोज आरशात बघून जो आनंद व्हायचा, तो कसला? एकटीपुरताच? तिला स्वतःचाच राग आला. तिने दोघींच्या आधाराने तळवे उचलले, दोनशे बायकांकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटले.

पहिल्या गिरकीला बायकांचा युयुयु असा आनंदाचा गजर झाला, दुसऱ्या गिरकीला तो विरत गेला. कुजबुज तिला स्पष्ट ऐकू आली.

"पाहिलंस का? पापण्याच नाहीत!"

"आजारी असेल गं बिचारी. आधी सांगायचं तरी."

जलव्यात नवरी बोलत नाही. आजवर कुणी बोललेलं नव्हतं.

"आजारी नाही मी," ओल्फा डोळे मिटूनच मोठ्याने म्हणाली. "गोंदाने गेल्या होत्या. आता उगवतायत. नीट बघून घ्या."

डफसुद्धा थांबले. त्या शांततेत एकच आवाज उठला. चिरका, दम लागलेला, पण थांबायचं नाव न घेणारा तो युयुयु तिच्या उम्मीचा होता. मग दुसरा आवाज मिळाला, मग चार, आणि डफ पुन्हा वाजू लागले.

शेदलिया लाज झाकायला ओरडत होती की अभिमानाने, हे मिटल्या डोळ्यांनी कळायला मार्ग नव्हता. डोळे उघडून आईचा चेहरा बघावा असं ओल्फाला फार फार वाटलं. पण अजून पाच गिरक्या बाकी होत्या.